उबंटूवरून फ्रीबीएसडीवर आलात आणि अर्ध्या कमांडी चालेनात, तर सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. चार-पाच वर्षं लिनक्सवरचं उबंटू वापरलंत. आता कुतूहल म्हणून घरात पडून असलेल्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर फ्रीबीएसडी 14, ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलीत. इन्स्टॉलर कुठेही अडला नाही, पण मशीन सुरू केल्यावर समोर आला काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. वायफाय दिसत नाही. रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, अधिकार देणारी सुडो नाही, कमांडी वाचणारा बॅश शेल नाही, नेटवर्कची आयपी कमांड नाही, सेवा (मागे चालणारे प्रोग्रॅम) सांभाळणारी सिस्टीमसीटीएल नाही. नेटवर सापडलेल्या सूचना टाइप कराव्यात तर 'कमांड नॉट फाउंड'. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: माझं इन्स्टॉलेशन चुकलंय, की ही सिस्टीम माझ्यासारख्यासाठी नाहीच?

इन्स्टॉलेशन बरोबर झालंय. काळा पडदा आणि लॉगिन इथपर्यंतच ते आणून सोडतं, तिथून पुढे काय बसवायचं ते आपण ठरवायचं. (कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, कोणत्या आहेत ते तुम्हाला ओळखू येईलच.)

तुम्ही मला उबंटूच्या कमांडींना पर्याय विचारलेत. ते पुढे देतो. पण नुसती यादी पाठ करून तुमची अडचण सुटणार नाही, कारण यादी संपली की पुन्हा तिथेच अडाल. माझं काम छोट्या कंपन्यांचे सर्व्हर आणि फायरवॉल सांभाळण्याचं. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं लिनक्स शिकून आलेली असतात आणि सगळी सुरुवातीला याच जागी अडकतात. त्यांना कमांडी येत नाहीत असं नसतं. या मशीनवरची कुठली गोष्ट कोणी बनवली, ती कुठे राहते आणि तिचं अपडेट कोण करतं, हे त्यांना माहीत नसतं. ते कळलं की बाकीचं मॅन्युअल वाचून जमतं.

लिनक्स म्हणजे मुळात फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा गाभा. त्यावर ग्नू प्रकल्पाच्या कमांडी, सिस्टीमडी, कुठला तरी पॅकेज मॅनेजर असं सगळं ठिकठिकाणाहून गोळा करून उबंटू किंवा फेडोरा तयार होतं. फ्रीबीएसडीत कर्नल, सी लायब्ररी, एलएस-सीपीसारख्या रोजच्या कमांडी, शेल, फायरवॉल आणि त्या सगळ्यांची मॅन्युअल पानं एकाच सोर्समध्ये राहतात, आणि एकच प्रकल्प ती एकत्र तपासून प्रसिद्ध करतो. ही परंपरा बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेली आहे. तिथल्या बीएसडी युनिक्सवरून 386बीएसडी झालं आणि त्यातून 1993 मध्ये फ्रीबीएसडी. त्याच सुमारास एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीच्या कोडवरून खटला भरला होता. 1992 ला सुरू झालेलं ते प्रकरण 1994 च्या सुरुवातीला मिटलं, आणि फ्रीबीएसडीला 2.0 आवृत्तीसाठी 4.4बीएसडी-लाइट हा वादमुक्त कोड पायाला घ्यावा लागला. लिनक्सने मैदान मारलं ते याच मधल्या काळात, असं पुष्कळ जुने लोक मानतात. मलाही त्यात बरंच तथ्य वाटतं, पण तो वेगळा विषय.

तुमच्या कामाचा भाग असा: या एकत्र बनलेल्या भागाला बेस सिस्टीम म्हणतात. बेसमध्ये नसलेलं सगळं, म्हणजे बॅश, सुडो, व्हिम, फायरफॉक्स, पायथन, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, हे बाहेरचं सॉफ्टवेअर. ते 'पीकेजी' कमांडीने येतं आणि जवळपास सगळं /यूएसआर/लोकल या एकाच फोल्डरखाली जाऊन बसतं. घर मालकाने बांधलेलं आणि सामान भाडेकरूने आणलेलं, असा हा प्रकार आहे. म्हणून बॅश इथे /बिन मध्ये सापडणार नाही, ती /यूएसआर/लोकल/बिन मध्ये असते. एनजिनएक्सची कॉन्फिगरेशन फाइल /एटसी मध्ये शोधत बसू नका, ती /यूएसआर/लोकल/एटसी मध्ये आहे. सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचंही तेच: बेसच्या /एटसी/आरसी डॉट डी मध्ये, बाहेरच्या /यूएसआर/लोकल/एटसी/आरसी डॉट डी मध्ये.

नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रयोग करायला लावतो. व्हर्च्युअल मशीनवर (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर) भरपूर पॅकेजं टाकायची आणि मग 'पीकेजी डिलीट -ए' देऊन सगळी एकदम उडवायची. मशीन पुन्हा सुरू होतं, लॉगिन होतं, नेटवर्क चालतं, दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायचं एसएसएच चालतं. उबंटूवर सगळी पॅकेजं काढली तर उरेल काय? हे एकदा स्वतः पाहिलं की बेस म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

अपडेटचे दोन रस्तेही यातूनच येतात. तुमच्या 14 मालिकेत बेससाठी 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच' आणि मग 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल'. पॅकेजांसाठी 'पीकेजी अपग्रेड'. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. उबंटूची एकाच कमांडीची सवय असलेले लोक नुसतं पीकेजी अपग्रेड करत राहतात आणि बेसमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन्महिने राहून जातात. 'पीकेजी ऑडिट -एफ' (एफ कॅपिटल) ही कमांडही लक्षात ठेवा. बसवलेल्या पॅकेजांपैकी कशात ज्ञात सुरक्षादोष आहेत ते ती सांगते. पोर्ट्स, म्हणजे सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधणं, सध्या विसरा. पॅकेजं आणि पोर्ट्स सुरुवातीलाच मिसळले की आवृत्त्यांचा जो गुंता होतो, तो सोडवायला अनुभव लागतो.

आता सुडोकडे येऊ. इन्स्टॉलरने युजर बनवताना 'या युजरला आणखी कुठल्या ग्रुपमध्ये घालायचं का' असं विचारलं होतं आणि तुम्ही बहुधा एंटर दाबून पुढे गेलात. तिथे 'व्हील' लिहायचं असतं. व्हीलमध्ये नसलेल्या युजरला 'एसयू' करून रूट होता येत नाही. आता रूटने लॉगिन करा, 'पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हील -एम' (एम स्मॉल) आणि पुढे तुमचं युजरनाव द्या. मग हवं तर पीकेजीने सुडो घ्या, किंवा ओपनबीएसडी या भावंड सिस्टीमकडून आलेलं 'डूअ‍ॅज' घ्या. एकट्याच्या लॅपटॉपला डूअ‍ॅज पुरेसं आहे, त्याची कॉन्फिगरेशन एका ओळीत होते.

बॅश जरूर घ्या, पण रूटचा शेल बॅश करू नका. बॅश बाहेरून आलेली आहे. एखाद्या अर्धवट अपग्रेडमध्ये तिची लायब्ररी गेली तर रूटला लॉगिनच होणार नाही, आणि ते नेमकं दुरुस्तीच्या वेळी लक्षात येईल. तुमच्या स्वतःच्या युजरचा शेल खुशाल बदला. जुन्या स्क्रिप्ट चालत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा पहिल्या ओळीतला /बिन/बॅश हा पत्ता. तिथे '/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश' लिहा, म्हणजे तीच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालेल. /बिन मध्ये बॅशची सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे नेणारा दुवा, टाकण्याचा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो. त्याने काम भागतं, पण बेसमध्ये बाहेरचं सामान ठेवायची सवय लागते आणि वर सांगितलेली सीमारेषा पुसली जाते.

स्क्रिप्टमधला दुसरा खड्डा म्हणजे ग्नू आणि बीएसडी कमांडींमधला फरक. 'सेड -आय' ला इथे पुढे बॅकअपचं शेपूट द्यावं लागतं, नको असेल तर रिकामं अवतरणचिन्ह तरी. 'डेट -डी' ने उबंटूवर तारखांची जी गणितं करायचात ती इथे 'डेट -व्ही' ने करायची. मॅकवर काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण मॅकओएसच्या कमांडींचा मोठा हिस्सा फ्रीबीएसडीतूनच गेलेला आहे.

सिस्टीमसीटीएलच्या जागी इथे 'सर्व्हिस' कमांड आणि /एटसी/आरसी डॉट कॉन्फ ही एक साधी मजकूर फाइल आहे. कुठली सेवा मशीनबरोबर सुरू व्हायची, नेटवर्क कार्डाला कुठला पत्ता द्यायचा, मशीनचं नाव काय, सगळं त्या एका फाइलमध्ये. माझ्या मते फ्रीबीएसडीतली सर्वात सुखाची गोष्ट हीच. अनोळखी सर्व्हर हातात आला की मी आधी ती फाइल उघडतो, आणि हे मशीन काय करतं ते दोन मिनिटांत समजतं. मात्र ती हाताने संपादित करताना एखादं अवतरणचिन्ह सुटलं तर बूट मध्येच अडकू शकतं. म्हणून 'सिसआरसी' वापरा: 'सिसआरसी एसएसएचडी_एनेबल=येस', की झालं. सगळ्या मूळ किमती /एटसी/डिफॉल्ट्स/आरसी डॉट कॉन्फ मध्ये लिहिलेल्या आहेत. ती फाइल फक्त वाचायची, बदलायची नाही.

आरसी डॉट कॉन्फमध्ये चालू न केलेली सेवा 'सर्व्हिस ... स्टार्ट' ने सुरू होत नाही. त्या वेळी येणारा संदेश नीट वाचा, त्यातच लिहिलेलं असतं की एकतर 'एनेबल' करा, नाहीतर एकदाच चालवायची असेल तर 'वनस्टार्ट' म्हणा. इथले संदेश कोरडे असतात, पण बहुतेक वेळा उत्तर त्यांच्यातच असतं.

उरलेल्या पर्यायांची यादी भराभर. आयपी कमांडीऐवजी 'आयएफकॉन्फिग', आणि ती इथे कालबाह्य वगैरे काही नाही, वायफायची कार्डंही तीच सांभाळते. एलएसपीसीआयऐवजी 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही'. एलएसमॉड आणि मॉडप्रोबच्या जागी 'केएलडीस्टॅट' आणि 'केएलडीलोड'. एलएसबीएलकेऐवजी 'जीपार्ट शो'. फ्री कमांड नाही, मेमरी 'टॉप'च्या वरच्या ओळींत पाहा. नॅनोसारखा सोपा एडिटर हवा असेल तर बेसमध्येच 'ईई' आहे, एस्केप दाबलं की मेनू येतो. नावांतही एक तर्क आहे. नेटवर्क कार्डाचं नाव त्याच्या ड्रायव्हरवरून पडतं: इंटेलचं ईएम0, रिअलटेकचं आरई0, व्हर्च्युअल मशीनमधलं व्हीटीनेट0. त्यामुळे 'मॅन ईएम' म्हटलं की थेट त्या ड्रायव्हरचं पान उघडतं आणि कुठली मॉडेलं चालतात ते तिथेच दिसतं.

वायफायबद्दल मी ठाम उत्तर देऊ शकत नाही, कारण सगळं तुमच्या लॅपटॉपमधल्या कार्डावर अवलंबून आहे. या बाबतीत फ्रीबीएसडी लिनक्सच्या मागे आहे हे मान्यच करायला हवं. इंटेलची बरीच कार्डं चालतात, पण कुठल्या ड्रायव्हरवर आणि किती वेगाने हे मॉडेलप्रमाणे बदलतं. ब्रॉडकॉमचं कार्ड निघालं तर मी त्याच्यामागे वेळ घालवणार नाही. 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' चालवा आणि नेटवर्कच्या ओळी पाहा. ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरच्या नावाऐवजी 'नन' दिसलं तर कर्नलला कार्ड दिसतंय, पण त्याला अजून कुठलाही ड्रायव्हर लागलेला नाही.

तोवर काम अडू देऊ नका. लॅन केबल असेल तर उत्तम. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा आणि 'केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस' द्या. 'आयएफकॉन्फिग'मध्ये यूई0 नावाचं कार्ड दिसू लागेल. मग 'डीएचक्लायंट यूई0' म्हटलं की नेट सुरू. ज्या ऑफिसात लॅनचा पॉइंट हाताशी नसतो तिथे मीही हेच करतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: ही सिस्टीम तुमच्यासाठी आहे का? ते तुम्हाला तिच्याकडून काय हवंय यावर ठरेल. रोजचं मशीन हवं असेल, ज्यावर ब्लूटूथ हेडफोन, व्हिडिओ मीटिंग आणि झाकण लावल्यावर बिनबोभाट झोपणं हे सगळं विनासायास व्हावं, तर उबंटूच बरं. हा एकच लॅपटॉप असेल आणि त्यावर नोकरीचं किंवा अभ्यासाचं काम चालत असेल, तर फ्रीबीएसडी व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा. त्यासाठी इन्स्टॉल करण्याचीही गरज नाही, प्रकल्प स्वतःच तयार डिस्क इमेज देतो. पण तुमचा थिंकपॅड रिकामा पडलेला आहे, त्यावरचं काही गेलं तरी चालेल, आणि तुम्हाला युनिक्स आतून समजून घ्यायचंय असं तुम्हीच लिहिलंय. असं असेल तर सोडू नका. हे ज्ञान नंतर उपयोगी पडतं. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ ज्या सर्व्हरांवरून वाटतं ते फ्रीबीएसडीवर चालतात, सोनीच्या प्लेस्टेशन 4 ची सिस्टीम त्यातूनच निघालेली आहे, आणि छोट्या ऑफिसांत सर्रास दिसणारे पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स हे फायरवॉलही त्यावरच उभे आहेत.

डेस्कटॉप आधीच तयार हवा असेल तर फ्रीबीएसडीवरच आधारलेलं घोस्टबीएसडी आहे. जुन्या थिंकपॅडसाठी ओपनबीएसडीचाही विचार करता येईल: तिचे बरेच डेव्हलपर स्वतः थिंकपॅड वापरतात, डेस्कटॉपचा पाया असलेली एक्स विंडो तिच्या बेसमध्येच येते, इंटेलच्या वायफायला लागणारं फर्मवेअर ती एका कमांडीत आणते. पण ब्लूटूथ त्यांनी 2014 मध्ये काढूनच टाकलं, आणि झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) तिच्यात नाही. शिकायला मी तरी फ्रीबीएसडीच सुचवेन, आणि त्याचं मोठं कारण झेडएफएसच.

इन्स्टॉल करताना तुम्ही 'ऑटो झेडएफएस' निवडलं असेल तर तुमच्याकडे बूट एन्व्हायर्नमेंट नावाची सोय आहे. 'बीईसीटीएल क्रिएट चांगलं' (नाव अर्थात रोमनमध्ये द्या) म्हटलं की चालू सिस्टीमची प्रत क्षणात तयार होते, आणि पुढे जे बदलेल तेवढीच वेगळी जागा ती खाते. मग हवे ते उद्योग करा. सिस्टीम बिघडली तर बूट होताना येणाऱ्या मेनूमधून ती जुनी प्रत निवडा, की सगळं होतं तिथे. नेहमीच्या मांडणीत /यूएसआर/लोकल, म्हणजे तुमची पॅकेजंही, या प्रतीत येतात, पण होम फोल्डर येत नाही, त्यामुळे मागे गेलात तरी तुमच्या फाइली जागच्या जागी राहतात. नवशिक्याला याहून मोठा आधार मला दुसऱ्या कुठल्या सिस्टीमवर सहज मिळालेला नाही. यूएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम निवडली असेल आणि मशीनमध्ये 4 जीबी किंवा जास्त मेमरी असेल, तर अजून काही साठलेलं नाही तोवर पुन्हा इन्स्टॉल करून झेडएफएस घ्या. 2 जीबीचं मशीन असेल तर यूएफएसवरच राहा.

माहिती कुठे शोधायची हेही विचारलंत. आधी मशीनवरची मॅन्युअल पानं, मग प्रकल्पाचं हँडबुक, त्यानंतर बाकी सगळं. लिनक्सवर मॅन पान जुनं किंवा अर्धवट असू शकतं, म्हणून आपल्याला थेट गुगल करायची सवय लागलेली असते. इथे पान आणि कमांड एकाच सोर्समधून एकत्र येतात, म्हणून पान तुमच्याच आवृत्तीचं असतं, आणि नेट नसतानाही वाचता येतं. 'मॅन हायर' वाचा, कुठल्या फोल्डरमध्ये काय ते सगळं त्यात आहे. 'मॅन आरसी डॉट कॉन्फ' एकदा वरवर चाळा. शब्द आठवत नसेल तर 'अ‍ॅप्रोपॉस'. चॅटबॉटला विचारत असाल तर एवढं सांभाळा की तो लिनक्सची कमांड बेधडक फ्रीबीएसडीची म्हणून देतो. मॅन पान उघडून खात्री केल्याशिवाय रूटने काही चालवू नका.

डेस्कटॉप मात्र पहिल्या दिवशी नको. आधी आठवडाभर काळ्या पडद्यावरच युजर बनवा, सेवा चालू-बंद करा, अपडेट करा, बूट एन्व्हायर्नमेंट बदलून पाहा. मग नवीन प्रत काढून ग्राफिक्स घ्या. इंटेलच्या ग्राफिक्ससाठी पीकेजीने 'डीआरएम-केमॉड', नंतर 'सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय915केएमएस', स्वतःला 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये घाला, एकदा रीबूट. त्यानंतर एक्सऑर्ग (म्हणजेच एक्स विंडो) आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. जुन्या मशीनवर एक्सएफसीईच बरं, केडीई नंतर कधीतरी.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेलच. काळ्या पडद्यावर देवनागरीची अपेक्षा ठेवू नका. तिथे जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही. एक्सएफसीई आलं की नोटोचे फॉन्ट घ्या, फायरफॉक्समध्ये मराठी स्वच्छ दिसेल. टाइप करायला 'सेटएक्सकेबीमॅप' मध्ये अमेरिकन आणि भारतीय असे दोन्ही लेआउट द्या आणि अदलाबदलीची एक कळ ठरवा. इनस्क्रिप्ट हा भारतीय लेआउट येत असेल तर एवढं पुरतं.

आता 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही'मधल्या नेटवर्क आणि डिस्प्लेच्या ओळी, आणि 'फ्रीबीएसडी-व्हर्जन'चं उत्तर इथे टाका. थिंकपॅडचं मॉडेलही लिहा. कार्ड कुठलं ते कळलं की वायफायसाठी कुठला ड्रायव्हर घ्यायचा, की सरळ एखादा यूएसबी वायफाय डोंगल विकत घ्यायचा, ते सांगता येईल.